नातवंडांचा कार्टून सिनेमा आजोबांचं समाधान करू शकतो का?

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त काकांनी विचारलं आहे: "मुलगा-सून पुण्याला असतात. मे महिन्यात नातवंडं आमच्याकडे येतात. दुपारी उन्हात बाहेर पाय ठेवता येत नाही, मग घरात कार्टूनचे सिनेमे लागतात. मीही शेजारी बसतो, पण दहा मिनिटांत डोळे मिटतात. नात म्हणते, 'आजोबा, तुम्ही बघतच नाही.' मुलांच्या या विनोदी सिनेमांत माझ्यासारख्या सत्तरीच्या माणसाला खरंच काही मिळतं, का आपण नुसतं सोबतीला बसायचं?"

काका, मिळतं. भरपूर मिळतं. पण तुम्हाला झोप येते यात तुमचं काही चुकतंय असं मानू नका. मुलांसाठी म्हणून टीव्हीवर दिवसभर जे चालू असतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींत मोठ्या माणसानं जागं राहावं असं काही नसतं. मी सोलापुरात मुलांची नाटकं बसवते आणि शाळांच्या हॉलमध्ये, वाचनालयांत, गणपतीत मंडळांच्या मांडवात मुलांचे सिनेमे दाखवते. दाखवताना माझं लक्ष पडद्याकडे कमी आणि बघणाऱ्यांकडे जास्त असतं. पोरं पुढे सतरंजीवर, आया आणि आज्या मागे भिंतीला टेकून. कोण कुठे हसतं, कोण कुठे मोबाईल काढतं, कोण उठून बाहेर जातं, हे इतकी वर्षं बघून माझं एक मत पक्कं झालंय. जो विनोदी सिनेमा मोठ्यांचं समाधान करतो, तो मोठ्यांसाठी वेगळे विनोद ठेवत नाही. नात आणि आजोबा एकाच क्षणी, एकाच गोष्टीला हसतात. आजोबांच्या हसण्यामागे सत्तर वर्षांचा अनुभव असतो, एवढाच फरक.

कार्टून म्हणजे मुलांचं, हे समीकरणही तसं अलीकडचं आहे. टॉम आणि जेरी १९४० साली आले ते थिएटरात, मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायच्या छोट्या फिल्ममधून. समोर बसलेला प्रेक्षक सगळ्या वयाचा होता, दिवसभराचं काम संपवून तिकीट काढून आलेला होता. त्याला सात-आठ मिनिटांत हसवायचं, तेही फारसं न बोलता. हॅना आणि बार्बेरा या जोडीच्या त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाले. पुढे टीव्ही घराघरांत गेला, मुलांच्या वेळेत लावायला काहीतरी हवं होतं, तेव्हा हीच कार्टूनं तिकडे गेली आणि हळूहळू 'मुलांची' झाली. शिनचॅनचं तर उलटच. जपानमध्ये तो १९९० साली मोठ्या पुरुषांसाठी निघणाऱ्या एका चित्रकथा-साप्ताहिकात छापून यायला लागला. आईबापांची दमछाक, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं टोकणं, पगारात न भागणारं घर, हा त्याचा मूळ विषय. आणि लांब कशाला जायचं? आपल्याकडे १९९१ पासून 'सकाळ'मध्ये 'चिंटू' यायचा, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. तीन-चार चौकटींचा पोराचा खोडकरपणा. पण घरात पेपर आल्यावर तो आधी कोण वाचायचं? आमच्या घरी तरी वडील वाचायचे, आणि हसून झाल्यावर आम्हाला द्यायचे.

म्हणजे चित्रातला विनोद मोठ्यांना आवडू शकतो का, हा प्रश्न खरं तर कधीच सुटलेला आहे. खरा प्रश्न असा की तो कशानं आवडतो. आणि इथे बरेच निर्मातेसुद्धा चुकीच्या वाटेला लागतात.

ती वाट म्हणजे मुलांच्या डोक्यावरून जाणारे विनोद. मुलांना धपाधप पडणं, ढेकर, पाठलाग द्यायचा आणि अधूनमधून आईबापांसाठी एखादी द्व्यर्थी ओळ, एखाद्या गाजलेल्या सिनेमाची नक्कल, एखाद्या नटाचा ओळखीचा आवाज टाकायचा. २००१ साली 'श्रेक' आला, ॲनिमेशनपटासाठीचं पहिलं ऑस्कर त्यानं मिळवलं, आणि त्यानंतर हा प्रकार फार वाढला. 'श्रेक'मध्ये परीकथांची आणि त्या काळच्या सिनेमांची टर भरपूर होती, म्हणून इतरांना वाटलं की यश त्यातच आहे. आज तो सिनेमा पुन्हा लावून बघा. त्या नकला आता बऱ्याचशा शिळ्या झाल्यात, निम्म्या तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. टिकलाय तो श्रेक स्वतः. लोक आपल्याला बघून पळतात म्हणून त्यांच्या आधी आपणच त्यांना हाकलून लावायचं, अशी सवय लागलेला, दलदलीत राहणारा एकटा राक्षस. त्याच्या दलदलीत सगळे घुसतात तेव्हा पोरं गोंधळाला हसतात, आणि ज्यानं आयुष्यात कधीतरी दार लावून घेतलंय तो माणूसही हसतो. पण त्याला ते कुठेतरी लागतंही.

डोक्यावरून जाणाऱ्या विनोदाचा दुसरा तोटा मला जास्त खुपतो. आई हसते, मूल वळून विचारतं, "काय झालं गं?" आणि आई म्हणते, "काही नाही, तू बघ." त्या एका वाक्यानं मूल बाहेर पडतं. दोघांनी एकत्र बसून सिनेमा बघण्यातला सगळा जीवच निघून जातो.

आता हे जमतं कसं, ते सांगते. आपल्या मातीत याचा फार उत्तम नमुना पूर्वीपासून आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. वारीत, सप्त्यात तुम्ही एकनाथांचं 'विंचू चावला' हे भारूड नक्की पाहिलं असेल. भारूडकरी अंगाला झटके देत, तोंड वेडंवाकडं करत, ओरडत फिरतो. पुढे बसलेलं पाच वर्षांचं पोर खदखदून हसतं, कारण एक मोठा माणूस उड्या मारतोय. मागे बसलेले आजोबाही हसतात. पण त्यांना ऐकू येतं 'कामक्रोध विंचू चावला', आणि त्यांना त्यांचे स्वतःचे डंख आठवतात. एकच माणूस, एकच उडी, आणि दोन्ही हसणी खरी. नाथांनी पोरांसाठी एक ओळ आणि म्हाताऱ्यांसाठी दुसरी ओळ अशी वाटणी केलेली नाही.

चांगला ॲनिमेशनपट हेच करतो. 'झूटोपिया' या २०१६ च्या सिनेमातला एक प्रसंग मी मुद्दाम वेगळा काढून दाखवते. ज्युडी नावाची ससुली नवीन पोलीस आहे, एक केस सोडवायला तिच्या हातात जेमतेम दोन दिवस आहेत. एका गाडीचा नंबर कोणाच्या नावावर आहे एवढंच तिला हवंय. निक नावाचा कोल्हा तिला गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी कार्यालयात घेऊन जातो. तिथे खिडकी-खिडकीवर बसलेत स्लॉथ, जगातला अतिशय मंद प्राणी. फ्लॅश नावाचा कर्मचारी एक शब्द बोलतो. थांबतो. पुढचा शब्द बोलतो. ज्युडी घाईनं त्याचं वाक्य पूर्ण करायला जाते, तर तो तिचं ऐकून न घेता आपलं वाक्य आपल्याच वेगानं संपवतो. मग निक मुद्दाम त्याला उंटावरचा एक साधा विनोद सांगतो. फ्लॅशच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागतं. आधी डोळे, मग गाल, मग ओठ. पूर्ण हसू यायला इतका वेळ लागतो की ज्युडी टेबलावर आपटायच्या बेतात येते. आणि हसून झाल्यावर तो शेजारच्या खिडकीतल्या सहकारिणीकडे वळतो, तिला तोच विनोद सांगायला. कार्यालयातून दोघं बाहेर पडतात तेव्हा रात्र झालेली असते.

हा प्रसंग मी जिथे जिथे दाखवला तिथे पोरं फ्लॅशच्या हसणाऱ्या तोंडाला हसतात. मागचे मोठे त्याच वेळी हसतात, पण त्यांच्यापुढे एक खिडकी उभी असते. दाखला, सात-बारा, पेन्शनचा हयातीचा कागद, "साहेब जेवायला गेलेत." एका प्रयोगानंतर एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. म्हणाले, "हे लिहिणारा आमच्या रांगेत उभा होता का?" ते आणि त्यांचा सात वर्षांचा नातू एकाच सेकंदाला हसले होते, हे मी स्वतः पाहिलं. त्या प्रसंगात काढून टाकावं असं मुलासाठी काही नाही, आणि मुद्दाम भरलंय असं मोठ्यांसाठीही काही नाही.

पुढची गोष्ट कारागिरीची आहे आणि ती मला सर्वांत प्रिय आहे. मोठ्या माणसाला विनोदात थांबा आवडतो. उशिरा कळणं, कळूनही न बोलणं, होणारं आधीच दिसणं. जुन्या कार्टूनमध्ये कोयोटी नावाचा लांडग्यासारखा प्राणी रोडरनर या पक्ष्याच्या मागे धावत कड्यावरून पुढे जातो आणि हवेत उभा राहतो. तो खाली बघेपर्यंत पडत नाही. पोरं पडण्याला हसतात. मोठे त्याच्या आधीच्या त्या क्षणाला हसतात, जेव्हा त्याला कळलंय आणि अजून काहीच घडलेलं नाही. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, असतात. हा थांबा बारा चौकटींचा ठेवायचा की वीस, यावर सगळं अवलंबून. चार चौकटी कमी झाल्या तर तो नुसता अपघात होतो. एकदा मी हे वाचनालयात लावलं तेव्हा पहिल्या रांगेतला एक पोरगा त्या थांब्यातच ओरडला, "ए, खाली बघू नको बे!" म्हणजे थांबा मुलांनाही कळतो. आपण त्यांना तो देत नाही म्हणून त्यांना त्याची सवय राहत नाही, एवढंच.

थांब्यात जे कोणी उस्ताद आहेत त्यांच्यात मी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओला फार वर मानते. निक पार्क यांचा १९९३ चा 'द राँग ट्राउझर्स' हा अर्ध्या तासाचा सिनेमा. मातीसारख्या प्लास्टिसिनच्या बाहुल्या, प्रत्येक चौकटीला हातानं किंचित हलवायच्या आणि फोटो घ्यायचा. दिवसभर राबून पडद्यावरचे काही सेकंद पदरात पडतात. त्यात वॉलेस नावाचा साधाभोळा संशोधक आणि ग्रॉमिट नावाचा त्याचा कुत्रा. ग्रॉमिटला तोंडच नाही, बोलणं तर दूरच. त्याला फक्त भुवई आहे. त्या भुवईत इतकं मावतं की घरातली जबाबदारी एकट्यानं ओढणाऱ्या कोणत्याही माणसाला तो आपला वाटतो. या घरात भाडेकरू म्हणून एक पेंग्विन येतो. चेहरा निर्विकार, एक शब्द नाही. हा पेंग्विन मुळात दरोडेखोर, आणि वेश पालटायला तो करतो काय, तर डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवतो. झाली कोंबडी! आणि सगळ्यांचा विश्वास बसतो.

हा सिनेमा मी पूर्व भागात, विडी घरकुलाकडच्या एका हॉलमध्ये दाखवला होता. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या शहराच्या पूर्व भागात विणकरांची तेलुगू बोलणारी घरं फार. नातू मराठी शाळेत, आजी घरात तेलुगू बोलणारी, गल्लीत कन्नड आणि दखनी उर्दूही कानावर पडणारी. आयुष्यभर विड्या वळलेल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. सिनेमातलं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, मी मध्ये मराठीत जे एखादं वाक्य सांगत होते तेही अर्धवटच पोचत असणार. पेंग्विननं मोजा घातला तसा त्यांचा हात नातवाच्या खांद्यावर गेला आणि त्याला हलवून त्या काहीतरी सांगायला लागल्या. नंतर नातवाला विचारलं. आजी म्हणत होती, कोंबडी नाही ती, चोर आहे, कुत्र्याला कळलंय पण त्याचं कोण ऐकणार. त्या सिनेमाबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. शेवटी खेळण्यातल्या आगगाडीवर पाठलाग होतो, रूळ संपत येतात, आणि ग्रॉमिट धावत्या गाडीच्या पुढे बसून एकेक रूळ टाकत जातो. त्या वेळी आजी आणि नातू दोघंही सतरंजीवर गुडघ्यांवर उठले होते.

म्हणून आपल्यासारख्या चार भाषांच्या गावात मी कमी बोलणाऱ्या सिनेमांवर जास्त भर देते. त्याच स्टुडिओचा २०१५ चा 'शॉन द शीप'वरचा पूर्ण लांबीचा सिनेमा आहे, त्यात कळेल असा एकही संवाद नाही. मेंढ्यांना रोजच्या रहाटगाडग्यातून एक दिवस सुट्टी हवी असते. त्या काय करतात, तर शेतकऱ्यासमोर एकामागून एक कुंपणावरून उड्या मारतात आणि त्या मोजता मोजता त्याला झोप लागते. झोप येण्यासाठी मेंढ्या मोजण्याची इंग्रजांची रीत आपल्या पोरांना कुठून माहीत असणार? तरी हॉल हसतो, कारण मेंढ्यांचा गंभीर चेहरा आणि शेतकऱ्याची हळूहळू कलणारी मान पुरेशी आहे. पुढे तो शेतकरी शहरात जाऊन पडतो, डोक्याला मार लागून त्याला काही आठवत नाही, आणि त्याची मेंढरं त्याला शोधत शहरात येतात. ज्याला रोज शिव्या घातल्या तो समोर उभा आहे आणि आपल्याला ओळखत नाही. ज्यांच्या घरात विस्मरणाचं दुखणं आहे त्यांना तो प्रसंग किती जवळचा वाटतो हे मी पाहिलंय. आणि तो सिनेमा तरीही विनोदीच राहतो.

डबिंगचं थोडक्यात सांगते. चांगलं हिंदी डबिंग असेल तर आजोबांनी जरूर तेच लावावं, त्यात कमीपणा नाही. पण आवाज कोणत्या नटाचा आहे यावर जाऊ नका. पात्राचं तोंड, श्वास आणि वाक्य एकत्र बसतंय का ते दोन मिनिटांत कळतं. नसेल बसत तर मूळ भाषेत लावून नातीला मध्ये मध्ये सांगायला बसवा. तिला ते काम फार आवडेल.

आता समाधान या शब्दाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. सत्तरीचा माणूस नुसत्या हसण्यावर समाधानी होत नाही. त्याला सिनेमात आपल्या वयाचा, निदान आपल्या काळजीचा कोणीतरी हवा असतो. 'फाइंडिंग निमो' (२००३) बघताना मुलं निमोच्या बाजूनं असतात, माशाच्या हरवलेल्या पिल्लाच्या. मोठे मार्लिनच्या, म्हणजे त्याच्या बापाच्या बाजूनं असतात. बायको आणि बाकीची अंडी गमावल्यावर उरलेल्या एका पिल्लाला हा बाप इतका जपतो की पिल्लू गुदमरतं. त्याच्या जोडीला डोरी, जिला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. मुलांना ती गंमत वाटते. बापाला मात्र तिच्याकडून भीती सोडायला शिकावं लागतं, कारण कालची आठवण नसेल तर कालची भीतीही नसते. 'इनसाइड आउट' (२०१५) मध्ये माणसाच्या डोक्यातल्या भावनाच पात्रं आहेत. त्यात जेवणाच्या टेबलाचा एक प्रसंग आहे. मुलगी गप्प आहे, आई बापाला डोळ्यांनी खूण करते, आणि आपल्याला बापाच्या डोक्यात नेलं जातं. तिथे सगळे भावनांचे कारभारी हॉकीचा सामना बघत बसलेत, बाहेर काय विचारलं गेलंय हे एकालाही माहीत नाही. माझ्या हॉलमध्ये या ठिकाणी बायका इतक्या हसतात की पुढचे दोन संवाद ऐकू येत नाहीत, आणि पोरंही हसतात, कारण बाबांना काही विचारल्यावर काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

'अप' (२००९) बद्दल मात्र जपून सांगते. कार्ल हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आजोबा त्याचा नायक. हजारो फुग्यांना घर बांधून तो उडवतो, सोबत एक आगाऊ मुलगा आणि गळ्यातल्या पट्ट्यामुळे बोलणारा कुत्रा. विनोद भरपूर आहे, आणि कुत्र्याचं वाक्याच्या मध्येच खारीकडे लक्ष जाणं तर प्रत्येक मुलाला पाठ होतं. पण सुरुवातीला काही मिनिटं एक शब्दही न बोलता कार्ल आणि त्याच्या बायकोचा सगळा संसार दाखवलाय, लग्नापासून तिच्या जाण्यापर्यंत. ज्यांचा जोडीदार नुकताच गेलाय अशा कोणाला मी तो न सांगता दाखवत नाही. आधी सांगते, मग ज्यांना बघायचा ते बघतात, आणि बहुतेक जण बघतात. तुमच्या घरी तसं काही असेल तर तुम्हीही आधी सांगून लावा.

हे सगळं असूनही तुमची झोप जात नसेल तर त्याला आणखी एक साधं कारण असू शकतं, आणि त्याकडे घरात कोणी लक्ष देत नाही. वयाबरोबर कानांना आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू यायला लागतात. मुलांच्या कार्टूनमध्ये तर सगळेच आवाज चिरके आणि वरच्या पट्टीतले, त्यात मागे सतत वाजणारं संगीत आणि बाजूला कुलर. शब्द नीट पोचत नाहीत, मेंदू थोडा वेळ धडपडतो आणि मग सोडून देतो. आपण म्हणतो, "मला त्यात रस नाही." आवाज नुसता वाढवून फार फरक पडत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करायचा पर्याय असेल तर तो लावा, खाली अक्षरं चालू करा, टीव्हीच्या जवळ बसा. जेवण झाल्यावर दुपारी अडीचला, बाहेर पारा बेचाळीसवर असताना कोणताही सिनेमा लावला तरी डोळे मिटणारच. संध्याकाळी लावा.

टीव्हीवरच्या रोजच्या मालिकांबद्दलही तुम्हाला खरं तेच सांगायला हवं. आठवड्याला भाग द्यायचा, पैसा मर्यादित, चित्रं कमी, मग थांबा आणि भुवई यांना वेळ कुठून येणार? त्यामुळे सगळं बोलून आणि ओरडून सांगितलं जातं, प्रत्येक पडण्याला ढुम्म असा आवाज जोडला जातो. मुलांना तीच तीच गोष्ट पुन्हा बघण्यात एक आधार वाटतो, तो खोटा नाही, त्यांच्याकडून तो काढून घेऊ नका. पण तुम्ही त्यासाठी टक लावून बसायची गरज नाही. त्या वेळात पेपर वाचा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बघायची म्हणून राखून ठेवा.

आपल्या लोकांना मुलांचा विनोद चालत नाही, असंही कोणी म्हणू नये. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' हे कितीतरी जुनं बालनाट्य. २०१८ साली ते पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगले चिंची चेटकीण झाले, आणि अख्खी कुटुंबं तिकिटं काढून गेली. त्यात आजी-आजोबा कमी नव्हते. मराठीत तसा पूर्ण लांबीचा विनोदी ॲनिमेशनपट व्हावा, तो आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, आपल्या बोलीत घडावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. खर्चाचा डोंगर मोठा आहे, पण गोष्टींची आपल्याकडे ददात नाही.

निवड कशी करायची, असा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मी नवा सिनेमा निवडताना त्याची पहिली दहा मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघते. कोण काय मागतंय, कोण कोणाला घाबरतंय, हे तेवढ्यात कळलं तर तो सिनेमा नातीला आणि तुम्हाला दोघांनाही पुरेल. काहीच कळलं नाही, नुसती तोंडं हलताना दिसली, तर तो संवादांवर ढकलत नेलेला आहे असं समजा. दुसरं, खलनायकाला काहीतरी कारण आहे का ते बघा. नुसता वाईट म्हणून वाईट असेल तर मोठा माणूस अर्ध्या तासात कंटाळतो. थिएटरला जाणार असाल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राकडे लक्ष असू द्या. २०२४ च्या नोव्हेंबरपासून यूए या एका शिक्क्याऐवजी यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे टप्पे आलेत, आणि विनोदी म्हणून जाहिरात केलेल्या सिनेमातही भीतीचे प्रसंग असतात. २०२२ च्या 'पुस इन बूट्स'च्या दुसऱ्या सिनेमात मृत्यू लांडग्याच्या रूपात शीळ घालत येतो. नऊपैकी आठ जन्म उधळून बसलेल्या त्या बोक्याला पहिल्यांदा भीती वाटते, छाती धडधडते. तुम्हाला तो सिनेमा मनापासून आवडेल असं मला वाटतं, पण धाकटं नातवंड पाच-सहा वर्षांचं असेल तर त्याला एवढ्यात नको.

सुरुवात 'द राँग ट्राउझर्स'पासून करा. अर्ध्या तासाचा आहे, भाषेचं ओझं नाही, आणि रात्री आठच्या जेवणाआधी सहज होतो. नंतर 'शॉन', मग 'झूटोपिया', मग 'निमो'. 'अप' सगळ्यांत शेवटी, नातवंडं पुण्याला परतायच्या आधीच्या आठवड्यात. नातीला मध्ये थांबवून "हे कळलं का?" असं विचारू नका. ती विचारेल तेव्हा मात्र "काही नाही" म्हणू नका, रिमोटनं थांबवा आणि तुम्ही कशाला हसलात ते तिला सांगा. त्या कार्यालयाच्या प्रसंगाला तर तुमच्या नोकरीतल्या निदान चार गोष्टी निघतील.